व्हाया : एसटीच्या पाटीवरची रोमन वाट

साताऱ्याहून महाबळेश्वरला जायला दोन रस्ते आहेत. एक मेढ्यावरून, केळघरचा घाट चढून जाणारा. दुसरा हायवेने पाचवडपर्यंत आणि तिथून वाई, पाचगणी करत जाणारा. दोन्हीकडच्या गाड्यांचं शेवटचं गाव एकच, म्हणून पाटीवर आणखी एक शब्द लागतो. कुणी ‘मेढामार्गे’ लिहितं, कुणी ‘व्हाया मेढा’. फलाटावर पिशवी घेऊन उभी असलेली आजी मात्र या दोन्हींपैकी काहीच म्हणत नाही. ती कंडक्टरला विचारते, “ही मेढ्यावरनं जाती का वाईवरनं?”

अर्थ तिन्हींचा एकच. यातला ‘व्हाया’ आपण इतका वापरतो की तो कुठून आला, हे विचारायचं राहूनच जातं. इंग्रजी म्हणून आपण त्याला सोडून देतो. पण इंग्रजांनीही तो उसना घेतलेला आहे. तो मूळचा लॅटिन, म्हणजे प्राचीन रोमच्या भाषेतला. माझ्या दृष्टीने त्याच्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी की लॅटिनने तो ज्या रीतीने घडवला, नेमक्या त्याच रीतीने मराठीनेही आपले शब्द घडवलेत. तेही एक नाही, चांगले तीन.

लॅटिनमध्ये ‘विआ’ म्हणजे रस्ता. रोमन लोकांच्या तोंडी त्याचा पहिला वर्ण आपल्या ‘व’च्या जवळचा होता. ‘व्ह’ नंतरचा, आणि मधला ‘आय’ हा इंग्रजांचा. अमेरिकेत पुष्कळ लोक ‘वीआ’ म्हणतात, ते जुन्या उच्चाराच्या जास्त जवळ जातं. आपल्याकडे ब्रिटिश उच्चार आला, म्हणून ‘व्हाया’.

आता खरा प्रश्न. ‘विआ’ म्हणजे नुसता रस्ता असेल, तर ‘व्हाया कराड’चा अर्थ ‘रस्ता कराड’ असा व्हायला हवा. त्यातला ‘ने’ कुठे गेला? ‘कराडच्या वाटेने’ हा अर्थ आला कुठून?

लॅटिनमध्ये संस्कृतसारख्याच विभक्ती आहेत. नामाचा शेवट बदलतो आणि त्यावरून त्याचं वाक्यातलं काम कळतं. प्रथमेत हा शब्द ‘विअ’, शेवटचा स्वर ऱ्हस्व. दुसऱ्या एका विभक्तीत तोच स्वर लांबतो आणि ‘विआ’ होतो. त्या विभक्तीत आपली तृतीया आणि पंचमी एकत्र आल्यात, थोडी सप्तमीही मिसळली आहे. त्यामुळे दीर्घ स्वराच्या ‘विआ’चा अर्थ होतो ‘वाटेने’. लिहिताना रोमन लोक हा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा दाखवत नसत, त्यामुळे कागदावर दोन्ही रूपं सारखीच दिसतात. इंग्रजीने उचललं ते दीर्घ स्वराचं रूप. म्हणजे ‘व्हाया’मध्ये ‘ने’ आधीपासूनच आत बसलेला आहे.

शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता आठवून बघा. तृतीया : ने, ए, शी. यातला ‘ने’ रोज लागतो, ‘शी’ही लागतो. ‘ए’ कुठे लागतो, हे मात्र पटकन सांगता येत नाही. तो इथे आहे, एसटीच्या पाटीवर. मार्ग अधिक ए, मार्गे. जुन्या मराठीत शेवटी अनुस्वार देऊन ‘मार्गें’ लिहीत. म्हणजे ‘मार्गे’ आणि ‘व्हाया’ ही दोन्ही ‘रस्ता’ या नामाची ‘रस्त्याने’ या अर्थाची रूपं. एक रोमजवळ घडलं, दुसरं महाराष्ट्रात, आणि दोन्ही आता एकाच पाटीवर एकमेकांच्या जागी बसतात.

मराठी इथे थांबली नाही. ‘वाट’ला तोच ‘ए’ लावून ‘वाटे’ केला : औषध तोंडावाटे घ्यायचं, पाणी नळावाटे येतं, धूर नाकावाटे जातो. ‘द्वार’ला लावून ‘द्वारे’ केला : पोस्टाद्वारे पाठवलं, संदेशाद्वारे कळवलं. इंग्रजी माणूस या सगळ्या ठिकाणी एकच ‘व्हाया’ वापरू शकतो. आपण कामं वाटून दिली आहेत. गावावरून जायचं तर मार्गे, भोकातून किंवा नळीतून जायचं तर वाटे, साधनाने करायचं तर द्वारे. ‘तोंडामार्गे गोळी’ कानाला खटकतं आणि ‘कराडवाटे सांगली’ही खटकतं. आपल्याला हा भेद कुणी शिकवलेला नसतो, तरी कान तो अचूक पाळतो.

माणसाकरवी काही पोचवायचं असेल तर मराठी चौथा शब्द काढते, ‘मार्फत’. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला. मुळात त्याचा अर्थ ओळख, परिचय. कुणामार्फत काम होतं म्हणजे कुणाच्या तरी ओळखीने होतं, हे त्या शब्दातच लिहिलेलं आहे.

आणखी एक बारकावा. मराठीत ‘मार्गे’ गावाच्या नावानंतर येतं, ‘कराडमार्गे’. ‘व्हाया’ आधी येतं, ‘व्हाया कराड’. परका शब्द आपल्या वाक्यात आला की सहसा आपल्या रांगेत उभा राहतो. ‘टेबलावर’, ‘बसमध्ये’ असं आपण त्याला आपले प्रत्यय लावून टाकतो. ‘व्हाया’ला ते जमलं नाही, तो आपली जागा सोबत घेऊन आला. ‘कराड व्हाया’ असं कुणीच म्हणत नाही. ‘व्हाया कराडमार्गे’ मात्र ऐकू येतं आणि त्यात एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते. बोलण्यात चालून जातं. पाटीवर दोहोंपैकी एक पुरे.

मराठीने या शब्दाला एक गोष्ट स्वतःची दिली आहे. ‘मला ते व्हाया-व्हाया कळलं.’ असा जोडशब्द लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीतही नाही. हळूहळू, मधूनमधून, दारोदार असे शब्द करणाऱ्या भाषेला तो सहज सुचला. एका तोंडून दुसऱ्या तोंडी, तिथून तिसऱ्या कानी, असा बातमीचा अख्खा प्रवास त्यात येतो.

इथेच ‘व्हाया मीडिया’ही बघून घेऊ. भावकीच्या भांडणात, संस्थेच्या बैठकीत, राजकारणाच्या बातमीत हा शब्द हमखास येतो : काहीतरी व्हाया मीडिया काढू. हल्ली तरुण मुलांना वाटतं की याचा संबंध वर्तमानपत्रं आणि टीव्हीशी आहे. तसा तो नाही. इथे ‘मीडिया’ हे विशेषण आहे, अर्थ मधला किंवा मधली. ‘विआ मेदिया’ म्हणजे मधली वाट, आपला मध्यममार्ग. आणि गंमत बघा, इथला ‘विअ’ ऱ्हस्व स्वराचा, प्रथमेतला आहे. म्हणजे ‘व्हाया कराड’मधला व्हाया ‘वाटेने’ आणि ‘व्हाया मीडिया’मधला व्हाया नुसती ‘वाट’. बातम्यांचा ‘मीडिया’ हा ‘मीडियम’चं, म्हणजे माध्यमाचं अनेकवचन. मूळ शब्द एकच, ‘मधला’. आपला ‘मध्य’ त्याचा सख्खा नातेवाईक आहे, त्यामुळे मीडियाला ‘माध्यम’ हा मराठी शब्द अगदी चपखल बसला.

इंग्रजीत ‘मार्गे’ या अर्थाने व्हाया रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पत्रं, जहाजं आणि पुढे रेल्वे यांना या शब्दाची मोठी गरज होती. माल कुठे जाणार हे सांगून भागत नव्हतं, कुठून जाणार तेही लिहावं लागे. आपल्याकडेही इंग्रजी कारभार, टपाल आणि रेल्वे यांच्यासोबतच तो मुरला. मिरज जंक्शनसारख्या ठिकाणी तर त्याच्यावाचून चालणारच नाही. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारी दिशांनी रूळ तिथे येतात. १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर ही एसटीची पहिली गाडी सुटली, तोवर हा शब्द प्रवाशांच्या ओळखीचा झालेला होता. रोमचा माल मात्र शब्दाच्या कितीतरी आधी आपल्या भागात पोचला होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. ती कुठल्या बंदरात उतरली आणि कुठल्या घाटाने वर आली असेल, याचा विचार मी कुंभार्ली घाट उतरताना नेहमी करतो.

रोमन लोकांना मात्र ‘विआ’ म्हणजे निव्वळ रस्ता नव्हे. तो कायद्याचा शब्द होता, आणि आपल्या साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्याला तो कायदा माझ्यापेक्षा चांगला समजेल.

माझं शेत आत आहे, रस्त्याला लागून तुझं. मला तुझ्या शेतातून जायचं आहे. कसं जायचं? रोमन कायद्याने याचे तीन हक्क केले. ‘इतेर’ म्हणजे माणसाने पायी जाण्याचा हक्क. ‘आक्तुस’ म्हणजे जनावर किंवा गाडी हाकत नेण्याचा हक्क. आणि ‘विआ’ म्हणजे सगळंच : चाला, गुरं न्या, गाडी न्या, दगड-लाकूड ओढत न्या. तिघांत विआ सगळ्यात मोठा, बाकीचे दोन त्याच्या पोटात. इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमारास रोममध्ये जे कायदे बारा फलकांवर कोरून चौकात लावले, त्यांत या विआची रुंदीसुद्धा ठरवून दिली होती. सरळ असेल तिथे ८ फूट, वळणावर १६ फूट.

वळणावर दुप्पट! उसाची डबल ट्रॉली शेताच्या बांधावरून वळवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला याचं कारण सांगावं लागणार नाही. गाडी सरळ जाते तेवढ्या रुंदीत वळत नाही, मागची चाकं आतून जातात आणि शेजाऱ्याचं पीक चिरडतात. भांडण नेमकं तिथे सुरू होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचीही भांडणं तिथेच होत असणार, नाहीतर वळणासाठी वेगळा आकडा फलकावर कोरायची काय गरज होती?

आपल्याकडचे शब्दही असेच थरांचे आहेत. पायवाट, गाडीवाट, पाणंद, शीवरस्ता. गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, म्हणजे इतेर आणि विआ यांतला फरक आपण रेघांनी करतो. शेताला रस्ता नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १४३खाली बांधावरून वाट मागता येते आणि तहसीलदार चौकशी करून निकाल देतो. पूर्वापार वापरातला रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. गळीत हंगाम तोंडावर आला, तोडीची टोळी शेतात उतरली आणि बांधावर कुणी काटे टाकले, की या कायद्यांची किंमत कळते. ‘वहिवाट’ या आपल्या कोर्टकचेरीतल्या शब्दातसुद्धा ‘वाट’ बसलेली आहे.

शेतातल्या या विआपासून पुढे मोठे रस्ते झाले आणि त्यांनाही तेच नाव राहिलं. इसवी सनापूर्वी ३१२मध्ये अप्पियुस क्लाउदियुस या अधिकाऱ्याने रोमपासून कापुआ शहरापर्यंत रस्ता बांधायला घेतला, म्हणून तो विआ अप्पिया. पुढे तो इटलीच्या टाचेजवळच्या ब्रिंदिसी बंदरापर्यंत गेला. त्याचे दगडी तुकडे आजही पायाखाली येतात आणि २०२४मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. इटलीत गल्लीबोळांच्या पाट्यांवर आजही ‘व्हिया’ असतं, आणि रेल्वेला तिथे ‘फेरोव्हिया’ म्हणतात : लोखंडाचा रस्ता. आपला ‘लोहमार्ग’ अक्षरशः तोच.

आता एक गोष्ट जी मला या सगळ्यात फार आवडते. इंग्रजीत रस्त्याला दोन मोठे शब्द आहेत, ‘स्ट्रीट’ आणि ‘रूट’. दोन्ही ‘विआ’च्या शेपटीला बांधलेली विशेषणं होती. विआ गळून गेली, विशेषणं राहिली.

‘विआ स्त्राता’ म्हणजे दगड पसरलेला, अंथरलेला रस्ता. लोक नुसतं ‘स्त्राता’ म्हणू लागले, त्याचा इंग्रजीत ‘स्ट्रीट’ झाला आणि जर्मनमध्ये ‘श्ट्रासे’. हाच शब्द पूर्वेकडे जाऊन अरबीत ‘सिरात’ झाला, कुराणात येतो तो. त्यातला ‘पसरणे’ हा धातू संस्कृतमध्येही आहे, ‘स्तृ’. आपले ‘विस्तार’ आणि ‘प्रस्तर’ त्यातूनच आले. म्हणजे स्ट्रीट आणि विस्तार एकाच मुळाचे.

‘विआ रुप्ता’ म्हणजे फोडून काढलेला रस्ता, जंगल किंवा खडक तोडून केलेला. त्यातल्या ‘रुप्ता’चा फ्रेंचमध्ये ‘रूट’ झाला. खंबाटकीच्या बोगद्यातून किंवा कुठल्याही घाटातून जाणाऱ्याला हे विशेषण पटेल. सह्याद्रीत डोंगर फोडल्याशिवाय रस्ता होतच नाही. रोज त्याच रूटने जाणं म्हणजे ‘रुटीन’, तो शब्दही यातूनच निघाला. डेपोत कुणी म्हणालं, “रूट कुठला? व्हाया कराड?” तर त्या छोट्याशा प्रश्नात फुटलेले विआ रुप्ताचे दोन्ही तुकडे पुन्हा एकत्र येतात.

रस्ते आले की रस्त्यांची गाठ आली. तीन वाटा मिळतात त्या जागेला आपण तिठा किंवा तिकटी म्हणतो. लॅटिनमध्ये ‘त्रि’ म्हणजे तीनच, म्हणून तिठ्याला ‘त्रिविउम’. त्याचं अनेकवचन ‘त्रिविआ’. क्विझमध्ये विचारतात ती ‘ट्रिव्हिया’ हीच, आणि क्षुल्लक या अर्थाचा ‘ट्रिव्हियल’ही इथलाच. तिठ्याचा आणि क्षुल्लकपणाचा संबंध काय? तिठ्यावर येणारे-जाणारे थांबतात, पाण्यापावसाचं, बाजारभावाचं, कुणाच्या लग्नाचं बोलतात. तिथे जे मिळतं ते सगळ्यांना मिळतं, त्यात दुर्मीळ काही नसतं. म्हणून लॅटिनमध्ये ‘त्रिविआलिस’ म्हणजे सर्रास आढळणारं, सामान्य.

मध्ययुगातल्या युरोपीय विद्यापीठांनी याच शब्दाला वेगळं काम दिलं. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन प्राथमिक विद्यांचा अभ्यासक्रम म्हणजे ‘त्रिविउम’. त्याच्या पुढचा, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार विद्यांचा, तो ‘क्वाद्रिविउम’, म्हणजे चौरस्ता. तीन विद्या जिथे मिळतात तो तिठा आणि चार मिळतात तो चौक. पहिल्या पायरीचं ते ‘ट्रिव्हियल’, ही छटाही अर्थात मिसळली.

मराठीला तिठ्यापेक्षा चव्हाट्याची ओढ जास्त. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली, असं आपण म्हणतो. चार वाटा मिळतात तिथे गेली म्हणजे सगळ्या गावाची झाली. लॅटिनलाही त्या जागेत हेच दिसलं, ‘सगळ्यांचं’. फक्त तिने त्यातून ‘सामान्य’ हा अर्थ काढला आणि मराठीने ‘लाज’.

तिठ्याची दुसरी बाजू अंधारातली. आपल्याकडे अमावास्येला तिकटीवर नारळ, लिंबू, भात असा उतारा ठेवलेला दिसतो आणि मोठी माणसं पोरांना सांगतात, ओलांडू नका. प्राचीन ग्रीसमध्येही महिन्याच्या काळ्या रात्री हेकेटी देवीसाठी तिठ्यावर जेवण ठेवत. रोमन लोक तिलाच आपल्या दिआना देवीशी जोडून ‘त्रिविआ’ म्हणत, तिठ्याची देवी. क्विझमधल्या त्या हलक्याफुलक्या शब्दाच्या नावाची एक भीतीदायक देवी होती! माण-खटावच्या म्हाताऱ्या माणसाला आणि जुन्या ग्रीक माणसाला तिठ्यावर एकच धास्ती वाटावी, हे मला कुठल्याही व्युत्पत्तीपेक्षा जास्त विचार करायला लावतं.

विआची बाकीची लेकरं पटापट बघू. ‘ऑब्व्हियस’ म्हणजे वाटेत समोर आलेलं, जे टाळताच येत नाही ते. ‘डिव्हिएट’ म्हणजे वाट सोडणं, ‘डिव्हियस’ म्हणजे आडवाटेचा. ‘प्रीव्हियस’मधला ‘प्री’ म्हणजे पुढे : जो आपल्या आधी वाटेवर पुढे निघून गेला तो. आपण त्यालाच ‘मागचा’ म्हणतो, मागचा महिना, मागचं वर्ष. लॅटिनला गेलेला काळ पुढे चालताना दिसला आणि आपल्याला पाठीमागे राहिलेला. पण ‘पूर्वी’ म्हणताना आपणही लॅटिनसारखेच वागतो, कारण संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे पुढचा, समोरचाही.

वाटेला लावणं, धाडणं या अर्थाचं एक क्रियापद ‘विआ’पासून झालं आणि ते फ्रेंचमध्ये गेलं. पाठवलेल्या मालाला तिथे ‘आँव्हुआ’ म्हणत. त्याचं अनेकवचन इंग्रजांनी ऐकलं आणि ‘इन्व्हॉइस’ केलं. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती बाहेरच्या राज्यात निघतात तेव्हा सोबत जो कागद जातो, त्याच्या नावात ‘वाटेला लावलेलं’ हेच लिहिलेलं आहे. साखर कारखान्यातला ‘कन्व्हेअर’, लष्कराचा ‘कॉन्व्हॉय’ आणि सोसायटीवाल्यांची डोकेदुखी असलेलं ‘कन्व्हेअन्स डीड’, या तिघांत ‘वाटेवर सोबत जाणे’ हा अर्थ आहे. मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर सर्किट बोर्डाच्या एका थरातून दुसऱ्या थरात वीज नेणाऱ्या बारीक छिद्रालाही व्हायाच म्हणतो.

‘व्हॉयेज’वर मात्र थोडं थांबायला हवं. तो आला ‘विआतिकुम’पासून. विआतिकुम म्हणजे वाटेसाठी बरोबर घेतलेलं : पैसे, खाणं, शिधा. संस्कृतात याला नेमका जोडीचा शब्द आहे, पथासाठीचं ते ‘पाथेय’. मराठीत आपली शिदोरी. शिदोरीचा शब्द बदलत बदलत प्रवासाचाच शब्द झाला. ख्रिस्ती धर्मात मरणाच्या दारात असलेल्या माणसाला जो शेवटचा प्रसाद देतात, त्यालाही विआतिकुम म्हणतात. शेवटच्या वाटेची शिदोरी. वारीला निघणाऱ्या घरातल्या माणसाच्या पिशवीत भाकरी-चटणी बांधून देणाऱ्या कुणालाही हे नाव का दिलं, ते कळेल.

आता वाचकांना पडणारा प्रश्न : विआ आणि आपली वाट एकच का? दिसायला वाटतं तसं, पण नाही. ‘वाट’ आली संस्कृत ‘वर्त्मन्’पासून, आणि त्याचा धातू ‘वृत्’, म्हणजे वळणे, फिरणे. लॅटिनमध्ये या धातूचा भाऊ आहे ‘वेर्तेरे’. त्यातून इंग्रजीचे ‘कन्व्हर्ट’, ‘व्हर्जन’ आणि ‘रिव्हर्स’ आले. स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर ‘रिव्हर्स, येऊ द्या’ म्हणतो, तो शब्द आपल्या ‘वाटे’चा चुलतभाऊ. ‘विआ’च्या मुळाबद्दल भाषाशास्त्रज्ञांत दोन मतं आहेत. एक मत तिला संस्कृत ‘वह्’ धातूजवळ नेतं, ज्यातून आपले वाहणे, वाहन आणि लॅटिनमार्गे इंग्रजीचं ‘व्हेइकल’ आलं. दुसरं मत तिला ‘वी’ धातूजवळ नेतं, अर्थ मागे लागणे, पाठलाग करणे. मला दुसरं जास्त आवडतं, कारण ‘मार्ग’ही तसाच आहे. संस्कृतात ‘मार्ग्’ म्हणजे शोधणे, आणि मार्ग म्हणजे आधी जनावराचा माग. मराठीचे ‘माग काढणे’ आणि ‘मागणे’ याच मुळाचे.

आणि ‘पथ’? त्याचा लॅटिन भाऊ ‘पोन्स’, अर्थ पूल. संस्कृतने त्या शब्दाचा रस्ता ठेवला, रोमने नदी ओलांडायची जागा ठेवली. ‘पाँटून’ हा तरंगता पूल त्यातलाच. सांगलीत कृष्णेवर १९२९पासून उभा असलेला आयर्विन पूल लॅटिन माणसाला दाखवला असता तर तो ‘पोन्स’ म्हणाला असता, आणि संस्कृत पंडिताला त्यात ‘पन्थाः’ ऐकू आलं असतं. पावसाळ्यात त्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, यावर सगळ्या सांगलीचे पुढचे रस्ते ठरतात, तेव्हा तर पथ आणि पोन्स यांत अंतर उरतच नाही.

सारखे ऐकू येणारे पण घराण्याबाहेरचे दोन शब्द सांगायला हवेत. ‘वाया जाणे’मधला ‘वाया’ पूर्ण आपला आहे, त्याचा लॅटिन रस्त्याशी काही संबंध नाही. आणि ‘व्हायबल’, टिकण्याजोगं या अर्थाचा, तोही विआचा नाही. तो आला लॅटिन ‘विता’पासून, अर्थ जीवन. या विताचे संस्कृत नातेवाईक म्हणजे ‘जीव’ आणि ‘जीवन’. मूळ एकच, फक्त पुढे दोन्हीकडे उच्चार वेगळे झाले. पेरणीच्या आधी बियाणं व्हायबल आहे का, असं कृषी अधिकारी विचारतात, आणि शेतकरी त्याच बियांची मूठभर ओल्या पोत्यात गुंडाळून ‘जित्ती आहेत का’ ते बघतो. दोघांचा शब्द मुळात एकच आहे.